दोन उंचवटे

चिमीने दोऱ्याचा तुकडा तिसऱ्यांदा विरघळवला, सुईने यंत्रात सोडला आणि स्टूल ओढून पडद्यासमोर बसली. यंत्रातल्या नळीत बारीक छिद्रांचे मणी भरलेले होते. दोरा ज्या पॉलिमरचा, त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या त्या छिद्रांत मावत नाहीत, सरळ वाट धरून आधी बाहेर पडतात. आखूड साखळ्या मात्र दिसेल त्या छिद्रात डोकावत, रेंगाळत मागून येतात. कोणत्या लांबीच्या किती आल्या, त्याची रेघ पडद्यावर उमटते. चांगल्या मालाची रेघ एकदाच चढते आणि एकदाच उतरते. ही चढली, उतरली आणि पुन्हा चढली. यंत्राला बोल लावायला आता जागा उरली नव्हती.

दार ढकलून दादा आत आला. कारखान्याचा उत्पादनप्रमुख, आणि तिचा सख्खा थोरला भाऊ. इथे सगळे तिला मॅडम म्हणत. चिमी म्हणणारा हा एकटाच, तेही दार लावून घेतल्यावर.

“झालं का गं?”

“दादा, तू दोन घाणे एकत्र केलेस.”

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. वीज गेली तेव्हा एक घाणा अर्धकच्चा राहिला, त्यात साखळ्या आखूड पडल्या. दुसरा जास्त शिजला, त्यात त्या भलत्याच वाढल्या. वेगवेगळे तपासले असते तर दोन्ही नापास. म्हणून त्याने हिशेबाने मिसळले आणि दोरा कातून घेतला.

“सरासरी किती आली?” त्याने विचारलं.

“हवी तेवढी. अगदी काट्यावर.”

“मग घोडं कुठं पेंड खातंय?”

“नव्वदीचे आजोबा आणि पाळण्यातलं नातवंड, दोघांची सरासरी काढ. दोघंही ऐन उमेदीतले निघतील. म्हणून त्यांना कामावर धाडशील?”

दादा हसला, पण हसू टिकलं नाही. पोटाचे टाके घालायचा हा दोरा. तो अंगातच हळूहळू विरतो, काढावा लागत नाही. आखूड साखळ्या आधी विरणार. जखम भरायच्या आतच दोरा दगा देणार, आणि तेही आत, जिथे कुणाला दिसत नाही.

“नियमात सरासरी लिहिलीय. रेघ कशी दिसावी हे कुठं लिहिलंय?”

खरंच कुठे लिहिलं नव्हतं. असं कुणी मिसळेल हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. चिमीला त्या शहाण्यांचा मनस्वी राग आला.

“नवा घाणा लाव.”

“पंधरा दिवस जातील. गावातल्या एकाही दवाखान्यात दोरा नाही, ऑपरेशनं सगळी अडलीत. माल आत्ता सुटला तर संध्याकाळी पहिलं नाव तुझ्या वहिनीचं आहे. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? गाठ थांबणारी नाही.”

आई गेल्यावर वहिनीनेच चिमीच्या वेण्या घातल्या होत्या, तापात तीच उशाशी बसली होती. वहिनीशिवायचं घर तिला डोळ्यांपुढे आणवेना.

“तिला हाच दोरा घालणार?”

दादाने दाराकडे पाहिलं. मग खिशातून एक चंदेरी पाकीट काढलं. मागच्या वर्षीच्या, चांगल्या घाण्यातलं.

“तिच्यापुरतं हे जपून ठेवलंय. डॉक्टरांशी बोललोय. तू तिची काळजी करू नकोस.”

“मग आजच का नाही करत?”

“एका पाकिटावर कुणी पोट उघडत नाही, चिमे. काही कमी-जास्त झालं तर साठा हाताशी लागतो.”

तिला धीर यावा म्हणून तो हे सांगत होता. ती पाकिटाकडे बघत राहिली. दुसऱ्या उंचवट्याचा अर्थ दादाला उमगला नसेल, असं ती मघापासून स्वतःला समजावत होती.

तिने खणातून नापास मालाची लाल पट्टी काढली आणि नमुन्याच्या बाटलीवर चिकटवली. नीट बसली नाही म्हणून अंगठ्याने पुन्हा दाबली.

दादा ओरडला नाही. त्याने पाकीट खिशात ठेवलं.

“चल,” तो म्हणाला. “तिला तूच सांग. माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

दवाखान्यात वहिनी खाटेवर बसलेली होती. ऑपरेशनसाठी नर्सने तिच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. त्यामुळे चेहरा आणखीच लहान दिसत होता.

“आला का गं दोरा?”

“आला होता, वहिनी. वाईट निघाला. मी अडवला.”

वहिनीने दादाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

“आता नवा?”

“पंधरा दिवस.”

वहिनी बराच वेळ चादरीची एकच सुरकुती सारखी करत राहिली. चिमीला वाटलं, रडेल, बोलेल, निदान हात तरी झटकेल.

“म्हणजे आज काही नाही,” वहिनी म्हणाली. “मग ते पाणी दे बाई इकडे. ऑपरेशन म्हणून सकाळपासून घोटभरसुद्धा दिलं नाही त्यांनी.”

चिमीने पेला भरला. वहिनीने तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी संपवलं.