पुढे मूठ, मागे दोन बोटं

बातमी आली तेव्हा तो गाडीखाली होता. गाडीचा मागचा भाग लोखंडी घोड्यांवर टेकवून चढवलेला, तो पाठीवर पडून शॉकअबचा गंजलेला नट सोडवत होता, आणि बंपरखालून त्याला बूट दिसले. काळे, पॉलिश केलेले, नाड्या नीट बांधलेले. त्याच्या मेहुण्याचे बूट. बायकोचा हा धाकटा भाऊ ऑफिसात बसणारा माणूस, गॅरेजच्या दारापर्यंत येऊन तिथूनच हाक मारायचा. आज ते बूट ऑइलच्या डागांतून चालत थेट गाडीपाशी आले होते.

"भावोजी, बाहेर या."

त्याला तिथेच कळलं. हॉस्पिटलातली चांगली बातमी फोनवर येते. माणूस उठून चालत आला, तर ती दुसरीच असते.

"नट सुटतोय. आलोच," तो म्हणाला, आणि खरंच नट सोडवूनच बाहेर आला. अर्धा सुटलेला नट टाकून उठायचं नाही, हा बायकोचाच नियम होता. बाहेर आल्यावर हात पुसायला फडकं सापडेना. मेहुण्यानं आपला पांढरा रुमाल पुढे केला.

"ऑपरेशन तर नीट झालं होतं," तो म्हणाला.

"हो. सकाळी चहा मागितला तिनं. मी आणायला खाली गेलो, तेवढ्यात."

आदल्या संध्याकाळी बायकोनंच त्याला हॉस्पिटलातून पिटाळलं होतं. "इथे बसून छताकडे काय बघताय? घरी जा, मागचं उघडून ठेवा. पण ठोकळे मी आल्यावर. माझ्याशिवाय घालाल तर बघा." तो तिच्या शब्दाप्रमाणे मागचं उघडत होता.

गॅरेज दोघांचं होतं. पाटीवर नाव त्याचं, पण गिऱ्हाइकं विचारत यायची ती बाईंना. जुन्या गाड्या खाली बसवण्यात, म्हणजे त्यांची उंची उतरवण्यात, त्या दोघांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. तो खालचं बघायचा, ती वरचं. म्हणजे स्प्रिंगा, पाटे, बोल्ट हे त्याचं. गाडी किती खाली यायची, कुठे थांबायची, हे तिचं. ती टेप वापरायची नाही. टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यामधे हात घालायची. "पुढे मूठ, मागे दोन बोटं," हे तिचं माप. पुढची चाकं वळतात, त्यांना जागा जास्त लागते, म्हणून मूठ. मागची आपली मुकाट सरळ धावतात, त्यांना दोन बोटं पुरतात. गाडी त्या मापावर बसली की ती मागे सरून म्हणायची, "आता स्वर्ग दोनच बोटं उरला."

आणि घोड्यांवर उभी असलेली ही गाडी तर तिच्या वडिलांचीच होती. गोल नाकाची, जाड पत्र्याची, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज यायचा. लहानपणी ती आणि भाऊ मागच्या सीटवर एकमेकांना चिमटे काढत वाढले. गाडीत एकच खोट होती, ती उंच होती. "चिखलातून चाललेल्या बाईनं लुगडं वर धरावं तशी दिसते," असं बायको म्हणायची. भावाचं म्हणणं, बाबांनी जशी ठेवली तशी राहू दे. या एका गोष्टीवर बहीणभावांचं वर्षानुवर्षं जुंपलेलं. शेवटी आजारपणाआधी तिनं मनावर घेतलं आणि पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा स्वतः कापून काढला. गॅसनं तापवून मात्र नाही. तापवलेली स्प्रिंग आणि तापलेला माणूस, दोघांचाही भरवसा नसतो. पुढे मूठ बसली. मागचं राहिलं, आणि ती हॉस्पिटलात गेली.

लोक भेटायला आले आणि गेले. मागवलेल्या खुर्च्या परत गेल्या. घरात त्याला काही सुचेना, तेव्हा त्यानं गॅरेज उघडलं. गाडी तशीच होती, नाक खाली, शेपूट घोड्यांवर. तिला असं ठेवणं बरं नव्हतं. तिला म्हणजे गाडीला, पण तो मनात म्हणाला तेव्हा त्यालाही नेमकं सांगता आलं नसतं. एवढं मात्र पक्कं होतं की गाडी तिनं ठरवली होती तिथेच बसणार, ना सूतभर वर, ना सूतभर खाली. बाकी आयुष्याचं काय करायचं ते नंतर बघू. हे काम त्याला येत होतं.

मागे पाटे होते, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांचे. चाकांचा आस पाट्यांवर बसतो. दोघांच्या मधे लोखंडी ठोकळा घातला की आस वर सरकतो आणि गाडी खाली येते. ठोकळा जितका जाड, गाडी तितकी खाली. त्यानं मडगार्डाखालची फट मोजली, आपली दोन बोटं टेपवर ठेवली, वजाबाकी केली आणि शेजारच्या लेथवाल्याकडे गेला. लेथवाल्याला सगळे 'सूतभर' म्हणत, कारण काहीही मागा, तो म्हणायचा, "सूतभर इकडेतिकडे चालेल ना?"

"या वेळी चालणार नाही," तो म्हणाला.

"वहिनींची गाडी?" सूतभरनं विचारलं. "मग सुताचाही सूतभर चुकणार नाही."

ठोकळे आले. त्यानं लांब यू-बोल्ट घातले, आखूड शॉकअब बसवले, घोड्या काढल्या, गाडी पुढेमागे ढकलून बसती केली आणि लांब जाऊन उभा राहिला.

शेपूट वर होतं. फार नाही, पण होतं. शिंकायच्या बेतात असलेल्या माणसासारखी गाडी दिसत होती. त्यानं टायरची हवा बघितली, बरोबर. ठोकळे काढून मोजले, बरोबर. पाटे पुन्हा तपासले, कुठे अडत नव्हते. स्वतःची दोन बोटं फटीत घातली. चपखल बसली. माप बरोबर आणि गाडी चूक, असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्याला राग आला. तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच काहीतरी आलं, म्हणून त्याला बरंही वाटलं.

मेहुणा आला तो याच दिवशी. या वेळीही बूट न थांबता आत आले. हातात पिशवी, पिशवीत डबा, त्याच्या बायकोनं दिलेला. त्यानं डबा बाकावर ठेवला आणि गाडीकडे पाहिलं.

"भावोजी, एक बोलू?"

"नको म्हटलं तर थांबणार आहेस?"

"ताई होती तोवर मी काही बोललो नाही."

"तू? तू बोलायचा थांबलास कधी? फोनवर तुझा आवाज तिच्या कानापासून मला इथे गाडीखाली ऐकू यायचा."

मेहुणा हसला. मग म्हणाला, "आता ती नाही. गाडी बाबांची. मागचे ठोकळे काढा, पुढे नव्या स्प्रिंगा घाला. होती तशी करू. खर्च माझा."

"खर्चाचं सोड. ती खाली करायची म्हणाली होती, खालीच होणार."

"आत्ता तरी धड वर नाही, धड खाली नाही."

हे खरं होतं, म्हणून झोंबलं. स्टोव्हवर चहा ठेवला होता, तो दोन मगांत ओतला आणि एक मेहुण्याच्या हातात दिला. मेहुण्यानं तो धरला. मगाच्या कानात दोन बोटं घालून, अंगठा वर टेकवून. लांब, सडक बोटं, पेरांशी किंचित बाकदार. बायको अशीच धरायची.

त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. आयुष्यभर नटबोल्टांचे पाने फिरवून झालेली, गाजरासारखी जाड. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तिचं माप त्याला तोंडपाठ होतं, पण ते त्यानं कधी आपल्या हातानं घेतलं नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. दोन बोटं म्हणजे दोन बोटं, असं धरून तो निघाला होता.

"चहा खाली ठेव," तो म्हणाला. "हात दे."

"कशाला?"

"दे तर. चावत नाही."

तो मेहुण्याला पुढच्या चाकापाशी घेऊन गेला. "मूठ कर. आडवी. आत घाल."

"कपडे खराब होतील."

"होऊ देत. धुतले की निघतं."

मेहुणा आधी वाकला, मग जमेना म्हणून इस्त्रीच्या पँटीसकट गुडघ्यांवर बसला. त्यानं मूठ टायर आणि मडगार्डाच्या मधे घातली. मूठ आत गेली आणि बसली. ना दाबली गेली, ना हलली.



"हे ताईनं केलेलं?" मेहुण्यानं विचारलं. मूठ त्यानं तशीच आत ठेवली होती.

"तिनंच. कापलं तिनं, मापही तिचं."

"बाबांचा हात असा होता," मेहुणा म्हणाला. "आम्हा दोघांनाही त्यांचाच आला. आई म्हणायची, पोरांचे हात बाजाच्या पेटीवर शोभतील, आणि ही पोरगी पाने धरते."

"आता मागे ये. दोन बोटं."

मागच्या फटीत मेहुण्याची दोन बोटं गेली आणि खुळखुळली. वर जागा उरली. त्यानं ती जागा पत्र्याच्या चकत्या सरकवून भरली, त्या काढून खिशात टाकल्या आणि तडक लेथवर निघून गेला. सूतभरनं चकत्या पाहिल्या. "एवढंच वाढवायचं?"

"तेवढंच. ना कमी, ना जास्त."

रविवारी मेहुणा परत आला, जुने कपडे घालून. त्याचे जुने कपडेही इतरांच्या नव्या कपड्यांइतके बरे होते. नवे ठोकळे चढले होते, नट आवळले होते. गाडी जमिनीवर होती.

"मी आत बसतो, वजन पडायला हवं," तो मेहुण्याला म्हणाला. "मी बसलो की बोटं घाल. तिच्या वेळी असंच करायचो."

"बोटं परत मिळतील ना?"

"तुझ्या बहिणीची इतकी वर्षं मिळाली."

तो आत बसला. गाडी किंचित दबली आणि थांबली. आरशात त्याला मेहुण्याचं डोकं दिसत होतं, मडगार्डाशी टेकलेलं, जणू आतलं काही ऐकतोय.

"काय?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"बसली."

"हलतायत?"

"नाही." मग जरा वेळानं, "भावोजी, म्हणजे माझ्याच हातानं माझी हार झाली."

"हार कसली. माप घेतलंस."

दोघंही लांब जाऊन उभे राहिले. गाडी एका रेषेत होती, नाक ते शेपूट. लुगडं खाली सोडून बाई निवांत उभी राहिली होती. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबून पाहून गेला. मेहुणा हात पुसत होता, पुसून झाल्यावरही पुसत होता.

"ताई काय म्हणायची, स्वर्ग किती बोटं?"

"दोन."

"बाबांनाही आवडली असती," मेहुणा म्हणाला. त्याच्याकडून हे ऐकायला ती हवी होती. एवढी वर्षं भांडली, आणि जिंकली तेव्हा घरी नव्हती.

मेहुण्यानं पुढे जाऊन दिव्यांच्या काचांवर हात फिरवला. "आता संपलं ना काम?"

"दिवे राहिले. शेपूट खाली आलं की उजेड वर जातो. अंधार पडला की भिंतीसमोर गाडी उभी करायची. एकानं स्टिअरिंगशी बसायचं, दुसऱ्यानं पुढे स्क्रू फिरवत उजेड खाली आणायचा. ती बसायची, मी फिरवायचो."

"आज थांबतो की मी. मी बसतो."

त्यानं स्टिअरिंगमागच्या तिच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "आज नको," तो म्हणाला.

मेहुणा रिकामा डबा घेऊन गेला. गाडी तिच्या मापावर बसली आहे. दिव्यांचा उजेड जुळवायचा राहिला आहे.