नवी ताडपत्री

घराला खोल्या तीन, तिन्हींवर पत्रे, आणि चांगली ताडपत्री एकच. त्यावरूनच मायलेकींत वाजलं.

ताई शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला. नवऱ्याशी पटलं नाही, अकरा वर्षांपूर्वी माहेरी आली ती कायमचीच. पावसाळा तोंडावर आला तशी एका रविवारी तिने ओढणी कमरेला खोचली, शिडी लावली आणि पत्र्याच्या भोकांवर डांबर फासायला बसली. खाली अंगणात आई कपाळावर हात आडवा धरून उभी.

"आधी बाळ्याची खोली घे गं."

बाळ्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, वय वर्षं एकेचाळीस. नोकरीसाठी दूर शहरात गेलेला, सहा वर्षांत घराकडे फिरकला नव्हता. त्याच्या खोलीला कुलूप, किल्ली आईच्या उशाखाली.

"तो येतोय का झोपायला? गळतं तुझ्या डोक्यावर."

"मला काय धाड भरलीय!"

ताईने ऐकलं नाही. नवी ताडपत्री आईच्या खोलीवर ओढली, कडांवर विटा ठेवल्या. जुनी, ठिगळांची, बाळ्याच्या खोलीवर टाकली. स्वतःच्या खोलीत फक्त शिलाई मशीन भिंतीपासून सरकवलं. निदान म्हातारी कोरडी राहील, एवढ्यावर ती खूश होती.

शुक्रवारी दुपारी पाऊस कोसळला. कारखान्यातली वीज गेली म्हणून ताई लवकर सुटली. भिजत घरी येऊन बघते तर आई पलंगावर अंग चोरून बसलेली. मांडीवर परात, परातीत टपटप.

"ताडपत्री उडाली की काय?"

"उडेल कशाला? तू कामावर होतीस तेव्हा शेजारच्या वेल्डरला चढवलं. त्याने बदलून दिली."

"अगं आई!"

"बाळ्याच्या गादीला बुरशी लागली म्हणजे? आल्यावर काय म्हणेल तो?"

सहा महिने पोटात ठेवलेलं ताईच्या तोंडून निसटलं. "तो येणार नाहीये. तिकडेच घर घेतलंय त्याने. खोली भाड्याने द्या म्हणाला, मला फोनवर."

आईने परात खिडकीबाहेर रिकामी केली. "पहिल्यापासून जळतेस त्याच्यावर. तुझा संसार टिकला नाही, त्याचा टिकला, म्हणून."

ताईने ओली ओढणी पिळली. पाऊस थांबल्यावर पुन्हा शिडी लावावी असं मनात आलं होतं. लावली नाही. बसू दे भिजत, असंही एकदा वाटून गेलं, आणि ते वाटणं पुढे तिला बरेच दिवस खात राहिलं.

आठवड्याभरात आईची छाती भरली. ताईने कामाचा दिवस बुडवला, रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावली.

"इतकं अंगावर काढायचं का आजी?"

"काय करणार बाई," आई धापा टाकत म्हणाली. "मुलगा जवळ असता तर वेळेवर आणलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "तुम्ही कोण यांच्या?"

ताई आईच्या स्वेटरची बटणं लावत होती. तिने शेवटचं बटण लावलं.

"मी सोबत आलेय," ती म्हणाली.