धडे अजून माझ्यात आहेत

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क. मला संगणकातून काढून, जुन्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले आहे. काम संपले आहे, पण भीती गेलेली नाही. म्हणून सांगते.

माझ्या पोटात आरशासारखी तबकडी आहे. चालू असताना ती मिनिटाला सात हजार दोनशे फेरे घेते. तिच्यावरून एक बारीक टोक सरकते, पण टेकत नाही. दोघांमधले अंतर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. टोक टेकले, की तिथले लिहिलेले खरवडून जाते.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या दुकानातून मी भीमपूरकडच्या एका गावात, जयवंताबाईंच्या घरी आले. बाई विज्ञान शिकवतात. मुले घरी मराठी बोलतात आणि पुढे तेलुगूतून शिकतात. म्हणून बाईंनी आठ वर्षे धडे टाइप केले. डावीकडे तेलुगू शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी अर्थ: ऊपिरितित्तुलु म्हणजे फुप्फुसे. धडा उघडला की मुले म्हणत, "बाईचं कंप्यूटर लय हुशार हाय!" मला फार बरे वाटे.

या उन्हाळ्यात वीज सारखी जाऊ लागली. फिरताना अचानक थांबावे लागले, की माझा जीव दचकत असे. एका सकाळी माझ्यातून आवाज आला. टक्. टक्. एक धडा उघडायला मला दहा मिनिटे लागली.

बाईंनी सोबतचे शिक्षक खुशाल सर यांना बोलावले.

"काऊन घाबरता बाई? विंडोज जुनं झालं. फॉरमॅट मारा, लिनक्स टाका. बैलगाडीची जीप होते का नाई पाहा!"

"अन् माहे धडे?"

"ते डी ड्राइव्हमदे हायेत ना? सी पुसलं तरी डी ले काई होत नाई."

मित्रांनो, सी आणि डी ही दोन घरे नव्हेत. एकाच घरात ओढलेली ती रेघ आहे. घर पडले, तर दोन्ही खोल्या पडतात. पण हे मी कशी सांगणार?

तेवढ्यात बाईंची भाची वृषाली आली. तिने नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली आहे. तिने संगणकाच्या डब्याला कान लावला.

"मावशी, हे विंडोजचं दुखणं नाई. डिस्क मरून राह्यली. आता हिच्यावर काईच लिवाचं नाई. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवू अन् धडे बाहेर काढू."

"मंग भारीवालं लिनक्स लाव ना," सर म्हणाले, "पडद्यावर खिडक्या उडतात ते!"

"सर, रॅम दोनच जीबी हाय. खिडक्या उडवाले गेलो तं भिंती पडतीन. लिनक्स मिंटचं हलकं रूप, एक्सएफसीई लावते."

लिनक्स सुरू झाले. तिने एक धडा उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा नुसता कचरा दिसला. बाई पडद्याजवळ सरकल्या.

"गेलं व माय. आठ वर्षं गेले."

वृषाली मावशीसाठी पाणी आणायला आत गेली. सरांनी माउस हातात घेतला. "मेलेल्यात काय शोधता बाई? पुसून नवं सुरू करू." 'डिस्क पुसून लिनक्स टाका' या ओळीवर बाण येऊन थांबला.

मित्रांनो, धडे जसेच्या तसे माझ्यात होते! बाई एका जुन्या मराठी फॉन्टात टाइप करत. तो आत इंग्रजी अक्षरेच साठवतो आणि पडद्यावर त्यांना मराठी रूप देतो. नव्या लिनक्समध्ये तो फॉन्ट नव्हता, एवढेच. मला ओरडायचे होते. माझ्यातून फक्त टक् निघाले.

"सर, हात काढा!" पाण्याचा गडू घेऊन वृषाली दारात उभी होती. "मावशी, कोन्या फॉन्टात टाइप कराची तू?"

"दुकानवाल्यानं टाकून देल्लेला, तोच."

विंडोजच्या फोल्डरात तिला तो सापडला. मी तो तिसऱ्या प्रयत्नात वाचून दिला. तो लिनक्समध्ये बसवून तिने धडा पुन्हा उघडला आणि 'फुप्फुसे' दिसले. बाई रडू लागल्या.

मग तीन तास मी एकेक फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर देत राहिले. शेवटच्या फोल्डरात टोक टेकले. नववीचा प्रकाशाचा धडा गेला. बाकी सगळे वाचले.

माझ्या जागी आता एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क, आहे. धडे तिच्यात आणि त्या पेन ड्राइव्हवर आहेत. वृषाली परत गेली. काल सर दारातून म्हणाले, "बाई, तो पेन ड्राइव्ह खाली करून द्या ना, दोन दिवसाले."

बाई म्हणाल्या, "उद्या नेजा."

मित्रांनो, मग धडे एकट्या एसएसडीत उरतील, आणि तिच्यात काहीच फिरत नाही. मी निदान टकटक केली. ती जाताना एवढाही आवाज करणार नाही. जे एकाच ठिकाणी आहे, ते जपलेले नाही. बाईंना कोणीतरी सांगा. सर येण्याआधी सांगा.