टाचेची वजरी

तुळसाबाईने लेकीला मेडशीच्या दवाखान्यात आणलं तेव्हा पोरीचा पदर नाकापर्यंत ओढलेला होता. मी तो वर केला. कस्तुराच्या दोन्ही गालांची साल निघाली होती. लालसर कातडीत मधे मधे फिकट चट्टे.

"काय लावलं?"

"लिंबू, बाई."

"आणखी?"

"जरासा धुन्याचा सोडा. अन् वजरीनं घासलं, आठ रोज. कारंज्याचे पाव्हने येनार होते ना."

"टाचेची वजरी गालाला?"

"टाचा कश्या उजळ निंगतात!" तुळसाबाई अभिमानाने म्हणाली.

वरची कातडी म्हणजे मळ नव्हे, मी सांगितलं. तो पातळ थर अंगातलं पाणी आत ठेवतो, घाण बाहेर. पण उजेड यावा म्हणून घराची कौलं उतरवणाऱ्याला पावसाबद्दल काय सांगणार?

पाहुणे काल येऊन गेले होते. चट्टे पाहून त्यांनी कोड ठरवलं आणि चहाही न घेता उठले. आज मुलाचा बाप जगदेव माझी चिठ्ठी न्यायला आला होता. त्याचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला. ते कुणी पाहायला गेलं नव्हतं.

"कोड असन त आत्ताच सांगा, बाई. आमाले फसवनूक नाई पाह्यजे."

"कोड नाही. सोड्याने भाजलंय."

"सोडा लिवू नका," तुळसाबाई माझ्या कानाशी लागली. "चुलीची वाफ लिवा."

"भरून आल्यावर गोरी निंगन का?" जगदेवने विचारलं.

"आधी काळवंडेल. उन्हात गेली तर जास्तच. मग हळूहळू होती तशी होईल."

"सावळीच?"

"सावळीच."

त्याने थोडा विचार केला. "मंग दोन महिन्यानं पाहू. अन् तुळसाबाई, पुढच्या वेळी सोडा कमी लावजा."

"काहून?" कस्तुरा पहिल्यांदा बोलली. बोलताना गाल ओढले गेले, तशी ती थांबली, मग पुन्हा बोलली. "ह्यायच्या घरी मले रोज घासतीन. येऊ नका म्हना, बाई."

"गप वं! सोन्यासारखं स्थळ हाये."

मी चिठ्ठीत लिहिलं: कोड नाही, धुण्याच्या सोड्याने भाजलं. जगदेवने ती दोनदा वाचली, खिशात घातली आणि निरोप न घेता गेला. तुळसाबाई मुसमुसू लागली, गालांसाठी नव्हे.

मी मलमाची डबी पुढे केली. आईने हात पसरला.

"मीच लावीन," कस्तुरा म्हणाली आणि डबी घेतली.