स्वेटर तेवढा राहिला

“ताप मंगळवारी आला की बुधवारी?” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मावशी तिसऱ्यांदा बोटं मोजायला लागल्या.

“मंगळवारी. नाही, थांबा. मंगळवारी मी चादरी धुतल्या, म्हणजे बरी होते. मग रविवारचा कुठला? तो आधीचा?”

“दर पाचव्या दिवशी येतोय. नडग्या दुखतात?”

“कुणी हातोडी मारतंय असं वाटतं. पण तुम्हाला कसं कळलं?”

मावशी म्हणजे बेघरांच्या निवाऱ्यातल्या धुलाईवाल्या. अकरा वर्षं एका खोलीत, एका यंत्राबरोबर काढलेली. नियम त्यांना तोंडपाठ होता: नवीन येणाऱ्याने अंगावरचं सगळं उतरवून द्यायचं, ते कढत पाण्यातून आणि मग गरम हवेतून काढायचं. ज्याच्या हातून एक कपडा सुटेल त्याने घरी बसायचं. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचा कोट त्यांनी चुकून उकळला होता आणि वर “तुमचाही झाला एकदा स्वच्छ” असं त्यालाच ऐकवलं होतं.

त्याच मावशींचं डोकं आता पार चक्रावलं होतं. महिन्याभरात निवाऱ्यातले पाचजण आडवे झाले. ताप उतरायचा, माणूस उठून हसायला लागायचा, की पुन्हा यायचा. सगळ्यांत वाईट गत घड्याळवाल्यांची. हे म्हातारे गृहस्थ एके काळी घड्याळं दुरुस्त करायचे. निवाऱ्यात आले ते एक कुत्रा आणि एक स्वेटर घेऊन. आता मोठ्या दवाखान्यात होते. जंतू हृदयाच्या झडपेवर बसले होते.

व्यवस्थापकांनी कुत्र्यावर खापर फोडून हात झटकले. उशिरापर्यंत लोळतो म्हणून सगळे त्याला साहेब म्हणत. आज दुपारी बाराला पालिकेची गाडी साहेबांना न्यायला येणार होती, आणि त्या गाडीतून गेलेलं जनावर परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“साहेबाचं खरंच काही आहे का हो यात?” मावशींनी विचारलं.

“त्याचा काय संबंध? हा ताप उवेने येतो, आणि कुत्र्याच्या उवा वेगळ्या, माणसाच्या वेगळ्या. ही तर डोक्यातलीही नाही. ही कपड्याच्या शिवणीत राहते, अंगावर फक्त जेवायला येते. चावली की आपण खाजवतो, आणि तिच्या घाणीतले जंतू कातडीत शिरतात.” डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. “एखादा कपडा गरम न होताच आत गेलाय, मावशी. आठवून बघा.”

“माझ्या हातून? एकही नाही.”

हे त्या अगदी मनापासून बोलल्या. दाराबाहेर आल्या आणि त्यांना आठवलं.

स्वेटर. तपकिरी, मनगटाशी लोकर संपली म्हणून एक ओळ निळी. “बाई, बायकोच्या हातचं एवढंच उरलंय,” घड्याळवाले म्हणाले होते. “तुमच्या त्या यंत्रात घातलात तर बाळाला येईल एवढा होईल.” मावशींना दया आली. त्यांनी तो गार पाण्यात तीनदा धुतला, भारीतला साबण लावून. उसवलेली बाही मांडीवर घेऊन शिवली. साबणाचा इतका छान वास येत होता, की तो धुतलेल्यांतच जमा झाला. सुटला असं त्यांच्या मनातही आलं नाही. मग तो सुटला म्हणायचा की नाही? थंडीत घड्याळवाले तो ज्याला त्याला घालायला देत. आडवे झालेल्यांपैकी कुणी कुणी तो घातला होता, हे त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं: पाचही जणांनी. या वेळी बोटं चुकली नाहीत.

पावणेबारा झाले होते. गप्प बसलं तर नोकरी राहणार होती. साहेब दारात पोट वर करून झोपला होता.

“स्वेटर मी उकळला नव्हता,” त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं.

“मावशी, अंगात ताप आहे तुमच्या. काहीही बोलताय.”

“ताप आहे, आणि तो कशाने आला तेच सांगतेय. गाडी परत पाठवा.”

 व्यवस्थापकांनी फोन उचलून गाडी नको म्हणून कळवलं. “उद्यापासून घरी बसा,” ते म्हणाले. किती दिवस, ते सांगितलं नाही, आणि मावशींनी विचारलं नाही.

जाण्याआधी मावशींनी घड्याळवाल्यांच्या खाटेवरचा स्वेटर उचलून कढत पाण्यात घातला. यंत्र फिरत होतं तोवर त्या बाहेर, यंत्राकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं, आणि ते स्वेटरसाठी, नोकरीसाठी की तापाने, हे त्यांना उमगेना.

गोळ्यांनी त्यांचा ताप थांबला, तेव्हा त्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. घड्याळवाले उशीला टेकून बसले होते. ओठ कोरडे, आवाज बारीक. मावशींनी पिशवीतून स्वेटर काढला. तो खरोखरच बाळाला येईल एवढा झाला होता.

“उकळला,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशीच उकळायला हवा होता. माझं चुकलं.”

“साहेब?”

“माझ्या घरी आहे. माझ्याच खाटेवर लोळतोय.”

घड्याळवाल्यांनी मान हलवली. स्वेटर मांडीवर घेऊन त्यांनी हळूहळू हात बाहीत घातला. तो मनगटापर्यंतच गेला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बाहीची कड चाचपत ते थांबले.

“निळी ओळ आहे अजून,” ते म्हणाले, आणि त्यांनी हात तसाच आत राहू दिला.