खात्रीचं कॉलेज

पूर्वीला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत इतका चांगला रँक मिळाला होता, की गुरुग्रामच्या त्यांच्या सोसायटीत लोक तिच्या वडिलांना, पद्माकरला, थांबवून अभिनंदन करत. अशा मुलीच्या प्रवेशाची काळजी कोण करणार? काळजी होती ती एकट्या पूर्वीला. शाळेतल्या रुचिता मॅडमनी तिला बजावलं होतं, की फसतात ती हुशार मुलंच. यादीत वरची झगमगीत कॉलेजं भरतात आणि खाली हक्काचं काही ठेवतच नाहीत. काही नावं स्वप्नातली असावीत, काही जमण्यासारखी, आणि एक तरी असं, जे मिळणारच.

ते एक नाव पद्माकरने कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. "आपलं पुणं आहे की. आपल्याच राज्यातल्या जागा, तिथे कोण अडवतंय?" त्यामुळे केंद्र सरकारच्या प्रवेश-पोर्टलवर खालचं काही भरायलाच नको, असं त्याचं म्हणणं. साधनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा कुरुक्षेत्राचं नाव काढलं. सरकारी कॉलेज, चांगलं, आणि हरियाणातल्या मुलांसाठी निम्म्या जागा. पद्माकर हसला. "कुरुक्षेत्र? त्यासाठी का एवढा अभ्यास केला तिने?" मानेसरच्या कारखान्यात त्याची अर्धी नोकरी झाली होती, फ्लॅटचे हप्तेही इथेच फिटले होते, पण हरियाणा हे त्याच्या लेखी फक्त पिनकोडपुरतं होतं.

"बाबा, पुण्याचं एकदा कन्फर्म करा ना," पूर्वी अधूनमधून म्हणे.

"बिल्कुल," तो म्हणे, आणि विसरून जाई. स्वतःच्या घरात शिरायला कुणी परवानगी विचारतं का?

पोर्टलवरची यादी लॉक व्हायच्या आदल्या दिवशी मात्र साधनाने त्याला घरातून पिटाळलंच. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात शांताराम नावाचे त्याच्या ओळखीचे अधिकारी होते. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "दहावी-बारावी कुठे झाली मुलीची?"

"गुरुग्रामला."

"मग तुमचा किंवा वहिनींचा महाराष्ट्रातला अधिवासाचा दाखला?"

तो दोघांनीही कधी काढलाच नव्हता. पुण्याच्या माणसाने पुण्याचा असल्याचा दाखला कशाला काढायचा? आणि मतदार कार्ड, आधारचा पत्ता, सगळं त्याने आपल्या हातांनीच गुरुग्रामला आणलं होतं.

"मग अवघड आहे, पद्माकरराव," शांताराम हळूच म्हणाले. "राज्याच्या जागांवर तिला धरणार नाहीत. बाहेरच्या मुलांसाठी थोड्या असतात, पण त्यांचा भरवसा नाही."

बाहेरच्या. परतीच्या मेट्रोत तो शब्द त्याला छळत राहिला. दिल्लीतल्या कॉलेजांतही बहुतेक जागा दिल्लीकरांच्या, आणि गुरुग्राम हद्दीच्या पलीकडे. म्हणजे आपल्या पोरीला हक्काची जागा कुठे आहे, तर जिथलं नाव काढलं की आपण हसलो तिथे.

घरी पूर्वी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. त्याने सांगितलं, आणि ती घाबरेल म्हणून लगेच पुढे म्हणाला, "काढू काहीतरी मार्ग."

"मला माहीत होतं, बाबा," पूर्वी म्हणाली. "मी केव्हाच वाचलं होतं ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही फोनवर सगळ्यांना इतकं खूश होऊन सांगत होता, पूर्वी पुण्याला येणार म्हणून. मी कसं सांगणार यार?"

पद्माकरला लाज वाटली. त्याचं मन मोडू नये म्हणून ही मुलगी शेवटपर्यंत खात्रीचं एकही नाव न भरता थांबली होती.

"कुरुक्षेत्र भर," तो म्हणाला.

तिने भरलं, पण मान वर केली नाही. "तिथेच लागलं, तर पुण्याच्या काकाला सांगाल ना? की लपवाल?"

पद्माकरने खिशातून फोन काढला आणि पुण्याला भावाला लावला.

"दादा, पूर्वी पुण्याला येत नाहीये. कदाचित कुरुक्षेत्रला जाईल." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. पूर्वी आता त्याच्याकडे बघत होती.

"अरे, लांब कसलं?" तो म्हणाला. "ती इथलीच आहे."