मी भोंगा झालो ते दिवस

अहो, इकडे तिकडे काय बघताय? कोपऱ्यातून मीच बोलतोय, तोंडवलीच्या देवळातला ढोल. चामडं सैल पडलंय, पण चौकसपणा काही गेला नाही माझा.

माझा जन्म १९५२ सालचा. आचऱ्याकडच्या एका फणसाचं खोड पोखरलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं चामडं ताणलं आणि मला भिकाजी गुरवाच्या गळ्यात अडकवलं. भिकाजी अबोल माणूस. बायकोशी दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ! जे काय बोलायचं ते काठीने माझ्यावर बोलायचा.

माझं काम सोपं. पालखी निघाली, वाजवा. कुठे आग लागली, वाजवा. होडी अडकली, कोणी गेलं, वाजवा. ठेका वेगळा, पण सांगणं एकच: या रे, सगळे या! आणि लोक यायचे हो. पेजेचा वाडगा तसाच टाकून यायचे, अर्धी दाढी झालेले यायचे. मला याचं फार नवल वाटायचं. मी नुसता ढबढब करतो आणि अख्खा गाव धावत सुटतो, म्हणजे माझ्यात आहे तरी काय?

मग १९६५ साल आलं. गणपती नुकतेच पोचवले होते आणि पाकिस्तानशी लढाई जुंपली. तालुक्याहून एक साहेब आले. देवळासमोर उभे राहून म्हणाले, "पूर्वी लढाई फक्त सैनिक लढायचे. आता अख्खा देश लढतो. तुमचं घर, तुमचा दिवा, तुमची होडी, सगळं लढाईत आहे."

मी कान टवकारले. हे नवीनच ऐकत होतो. तेरा वर्षांत मी कोणाला मारलं नव्हतं, उलट मारच खाल्ला होता. मग या लढाईत माझं काय काम असेल बरं?

काम होतं. गावात भोंगा नव्हता, म्हणून साहेबांनी मलाच भोंगा केलं. ढोल वाजला की शत्रूचं विमान आलं असं समजायचं. माडांच्या बागेत खणलेल्या चरात जाऊन पालथं पडायचं, कानांत बोटं घालायची. अंधार पडला की किनाऱ्यावर एकही दिवा दिसता कामा नये. एरवी ढोल बंद, आरतीलासुद्धा.

सत्तरीची हौसाबाई पुढे झाली. "साहेबानू, बॉम्ब टाकूक हंय आसा काय? माड आणि सुके बांगडे?"

सगळे हसले, साहेब तेवढे हसले नाहीत.

पहिल्या तालमीला भिकाजीने मला बडवलं, आणि काय सांगू! अख्खा गाव देवळात हजर. कोणाच्या हातात पाण्याची घागर, कोणाच्या हातात नारळ. रुक्मिणी पोराला काखोटीला मारून विचारतेय, "कोण गेलां गो?" साहेब शिट्टी फुंकून बेजार. "अहो, इकडे येऊ नका! पळा, लपा!" त्यावर मासेमारी करणारा महादू गाबीत म्हणाला, "ढोल वाजलो मा? मगे लपतले कित्याक?"

साहेब मात्र चिवट. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ तालीम घेतली. सहाव्या दिवशी पहिल्या ठोक्याला वाट रिकामी. साहेबांनी भिकाजीची पाठ थोपटली. माणसं इतक्या लवकर बदलतात? मला आश्चर्य वाटलं आणि वाईटही वाटलं.

चार दिवसांनी महादू एकटाच लहान होडी घेऊन समुद्रात गेला. परतताना तिन्हीसांज झाली. खाडीचं तोंड नेहमी घराघरांतल्या दिव्यांवरून ओळखायचं, आणि त्या दिवशी दिवे नव्हते. त्याची बायको सुभद्रा धावत देवळात आली.

"काकानू, ढोल वाजवा! ह्यांची होडी खडपार आपटान फुटली. फळयेक धरून आसत, हाका मारतत!"

भिकाजी थबकला. "ढोल वाजलो तर लोक चरात जातले गो."

"जातले कशे? ढोल वाजलो काय लोक येतत! वाजवा!"

त्याने असा बडवला मला की काठी मोडली, मग हातांनी बडवलं. दारं उघडली. पावलं ऐकू आली. पण ती उलट्या दिशेला, बागेकडे चालली होती. मी "या, या" म्हणून ओरडत होतो, आणि माझीच माणसं शिकवल्याप्रमाणे कानांत बोटं घालून पालथी पडली.

एकटी हौसाबाई आली. तालमीच्या वेळी ती कधी चरात गेलीच नव्हती. सुभद्राला घेऊन ती चरापाशी धावली आणि एकेकाला दंडाला धरून उठवू लागली. "उठा रे मेल्यांनू! विमान-बिमान काय नाय, महादू बुडता थंय!"

मग मात्र सगळे जिवाच्या आकांताने धावले, पाण्यात होडी लोटली. त्यांना फळी मिळाली. महादू मिळाला नाही.

पुढच्याच आठवड्यात लढाई थांबली. साहेब वही घेऊन आले. गावावर विमान आलं नव्हतं, बॉम्ब पडला नव्हता. त्यांनी वाचून दाखवलं, "तोंडवली, जीवितहानी नाही." लोकांनी माना खाली घातल्या. सुभद्रा उभी राहिली.

"साहेबानू, माझ्या घोवाक खंय लिवतलास?"

साहेबांनी पेन उघडलं, वहीची पानं उलटीपालटी केली. सुभद्राच्या नवऱ्याचं नाव कुठे लिहायचं ते त्यांना सापडलं नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी पुन्हा आरतीला वाजतो, पालखीला वाजतो. लोक येतात, नाही असं नाही. पण पहिला ठोका पडला की क्षणभर थांबतात, एकमेकांची तोंडं बघतात, आणि मग पाऊल उचलतात. तेवढ्या वेळात समुद्रात माणूस बुडतो हो!

बाबांनो, तुमच्या लढाया मला कळत नाहीत. मी लाकूड आणि चामडं. "या" एवढंच मला म्हणता येतं. मला "पळा" म्हणायला पुन्हा शिकवू नका. आणि खरं सांगा, उद्या मी वाजलो तर याल ना?